सामाईक ऊन

पत्र्याचा एक डबा, पापडांचा. तळाला घडी घातलेला एक कागद, तेल टिपायला.

आठ स्विच, पाच होल्डर, एक पंखा, एक घंटा.

मे महिन्यात दुपारी बारा चाळीसला फणसाची सावली खळ्यातल्या चिऱ्यांच्या रांगेला टेकते.

बैल एक, नाव चांद्या. मालक दोन.

रायवळ आंब्याच्या तीन पाट्या, सगळ्या एकाच दिवशी पिकलेल्या.

महिपत मुंबईत एकतीस वर्षं वायरमन होता. लोकांच्या घरांत उजेड पाडून पाडून तो निवृत्त झाला आणि रत्नागिरीजवळच्या आपल्या वाडीत येऊन त्याने पहिलं काम कोणतं केलं असेल, तर घराला वायरिंग. भिंतीला पट्टी कशी ओळंब्यात. बोर्ड चकचकीत. माजघरात पंखा, दारावर घंटा. फक्त करंट तेवढा नव्हता.

विजेचे पोल त्याचा चुलतभाऊ भिकू याच्या दारापर्यंत येऊन थांबले होते. तिथून महिपतचं घर चाळीस पावलं. पुढचा पोल भिकूच्या जागेत पुरायचा, त्याला भिकूची सही हवी. महिपतने ऐंशी साली संमतीचा कागद बायकोच्या, म्हणजे सगुणाच्या हाती भिकूच्या बायकोकडे, कमलाकडे पाठवला होता. सही काही आली नाही. परत मागायला जाणं महिपतच्या रक्तात नव्हतं. दोघा भावांचं बोलणं बंद झालं, त्याला आता सहा वर्षं होत आली.

रोज दिवेलागणीला सगुणा कंदिलाची काच पुसायची आणि महिपत घरभर फिरून आठही स्विच एकदा खाली, एकदा वर करायचा. मग दारावरची घंटा दाबायचा.

"लागला काय वो?" सगुणा विचारायची.

"गंजू नयेत म्हणून करतंय गो. तुला काय कळतंय."

अशा माणसाच्या दारात शहाऐंशीच्या मे महिन्यात सरकारी जीप येऊन उभी राहिली. जीपमधून पुण्याचा पाटणकर साहेब उतरला आणि त्याच्यामागून उतरली एक काळी काच. अडीच हात लांब, हातभर रुंद, जाड चौकटीची. बरोबर एक बॅटरी आणि एक ट्यूब.

"उन्हावर चालतं, काका," साहेब म्हणाला. "सरकारची योजना आहे. आठ दिवस तुमच्याकडे ठेवतो. आठव्या दिवशी दुपारी मी येईन. ट्यूब लागली, तर सेट तुमचा. नाही लागली, तर पुढे नाटे गावाला नेऊ, तिथेही मागणी आहे."

"म्हणजे पोल नको?"

"पोल नको."

"कुणाची सही नको?"

"कुणाची सही? अहो, सूर्याची घेणार का?"

महिपतला त्या साहेबाच्या पाया पडावंसं वाटलं. भिकूची सही न घेता घरात उजेड! एकतीस वर्षांत त्याने यापेक्षा सुंदर वायरिंग पाहिलं नव्हतं.

जीप गेल्यावर सगुणाने विचारलं, "ह्या काचेतून लाईट येतो कसा?"

आता, याचं खरं उत्तर साहेबाने पाऊण तास सांगितलं होतं आणि महिपतला त्यातलं चार आणे समजलं होतं. तो म्हणाला, "सोपं हाय. उन्हानं काच तापते. तापली की वायरीतून बॅटरी भरते. तापली की झालं."

सगुणाने मान हलवली. हे वाक्य तिने नीट लक्षात ठेवलं.

पहिल्या दिवशी भिकू बाजाराला गेला होता. दोन्ही घरांपुढचं खळं, म्हणजे अंगण, एकच, मधोमध वाटणीच्या चिऱ्यांची रांग. सकाळी काच महिपतच्या अर्ध्यात. बारा चाळीसला फणसाची सावली चिऱ्याला टेकली, तशी महिपतने इकडेतिकडे बघून काच हळूच पलीकडे सरकवली. तिथे साडेतीनपर्यंत ऊन. रात्री ट्यूब चार तास लागली. महिपत तिच्याखाली नुसता बसून राहिला. वाचायला घरात पंचांगाशिवाय काही नव्हतं, म्हणून त्याने पंचांग वाचलं.

दुसऱ्या दिवशी भिकू घरी होता.

"चांद्या," भिकू खुंट्याला बांधलेल्या बैलाला म्हणाला. गेली सहा वर्षं दोघे भाऊ जे काही एकमेकांना सांगायचं, ते चांद्याला सांगत. "चांद्या, कुणाला तरी सांग. चिऱ्याच्या ह्या अंगाला माजं ऊन हाय."

"चांद्या, विचार त्याला, ऊन काय त्याच्या बापसानं लावलं?"

"खळं वाटलं तेवा वरचं पण वाटलं. माज्या अर्ध्यात पडेल तां माजं. पानं माजी, पाऊस माजा, ऊन माजं."

"मागच्या श्रावणात ह्याचा पाऊस वाहत माज्या पडवीत आला, चांद्या. तेवा नाय बोलला, माजा म्हणून!"

चांद्याने शेपटी हलवली. दोघांनीही ती आपल्या बाजूने हलली असं धरलं. पण काच मात्र मागे घ्यावी लागली.

पुढचं सगळं महिपतच्या प्रयोगवहीत आहे. वही साहेबानेच दिली होती.

दिवस दुसरा. काच सकाळी आठला दक्षिणेला तिरकी लावली. अर्धा दिवस ऊन. ट्यूब दोन तास दहा मिनिटे.

दिवस तिसरा. काच लावून सखाराम गावकरांकडे माहिती देण्यास गेलो. परत आलो तर काच जमिनीवर आडवी. वारा नव्हता. ट्यूब पंचावन्न मिनिटे. भिकूवर संशय.

दिवस चौथा. काच लावून टपालात माहिती देण्यास गेलो. परत काच आडवी. काचेवर मुंग्या. बहुतेक भिकूने साखर टाकली. ट्यूब वीस मिनिटे.

दिवस पाचवा. काच लावून शाळेत माहिती देण्यास गेलो. काच आडवी व चिकट. बोट चिकटले. घरात आंब्याचा वास, पण हंगाम आहे. ट्यूब सात मिनिटे. भिकू पडवीत बसून हसत होता.

दिवस सहावा. ट्यूब डोळा मिचकावून गेली.

सातव्या दिवशी महिपतने गावकी बोलावली. सखाराम गावकर मधे बसले. वय झालेलं, कानाला कमी, पण वाडीचा शेवटचा शब्द त्यांचा.

"म्हईपत, तुजं म्हणणं काय?"

"भिकू माजं ऊन नासवतो. काच आडवी करतो, साखर टाकतो."

"चांद्या," भिकू उसळला, "मी त्याच्या काचेला हात लावला असंल तर ह्या हाताला किडे पडतील म्हणावं!"

"चांद्या हितं नाय, मेल्या. माज्याशी बोल," गावकर म्हणाले.

"गावकर, तुमीच सांगा. सकाळचं ऊन त्याला, दुपारचं मला. बरोबर वाटणी हाय."

"अर्ध्या उन्हात बॅटरी भरंल काय?" महिपतचा आवाज फुटला. "उद्या साहेब येतो. ट्यूब लागली नाय तर सेट जाईल. सहा वर्षं मी अंधारात स्विच दाबतोय, गावकर. मी वायरमन हाय!"

सगुणा आणि कमला बायकांत शेजारी शेजारी बसल्या होत्या. दोघींचं बोलणं कधीच बंद नव्हतं. पुरुषांना ते माहीत होतं, पण त्याचा काही उपयोग करून घ्यावा असं कुणाला सुचलं नव्हतं.

गावकरांनी कानावरचा हात काढला. मग म्हणाले, "खळं वाटलेलं. ऊन वाटलेलं. सामाईक काय ऱ्हायलं?"

"बैल," कुणीतरी म्हणालं.

"मग झालं तर. बैल दोघांचा. बैलावर पडलेलं ऊन दोघांचं. काच बैलावर बांधा, नि बैल चिऱ्याच्या रांगेवर बांधा. सकाळी तोंड हिकडं, दुपारी तोंड तिकडं. दिवसभर ऊन. उठा."

ठराव लिहून काढला गेला. कुणी हसलं नाही. त्यापेक्षा न्यायाचं काही कुणाला दिसतही नव्हतं.

आठव्या दिवशी सकाळी चांद्याच्या पाठीवर गोणपाट, गोणपाटावर फळी, फळीवर काच, आणि सगळ्याभोवती काथ्याची दोरी. काचेपासून पडवीतल्या बॅटरीपर्यंत लांबलचक वायर. सांधे महिपतने स्वतः जोडले. फळीवर काच आडवीच बसली, पण भर उन्हात बसली. भिकू आपल्या पायरीवर बसून पाहत होता. त्याचा आता काही दावा राहिला नव्हता. चांद्या उन्हाकडे तोंड करून उभा राहिला, एखाद्या सरकारी कचेरीसारखा.

महिपत सकाळीच ठरावाची माहिती देत गावभर फिरायला गेला आणि तीन वाजता तिकडूनच नारळ आणि जास्वंदीची फुलं घेऊन साहेबाला आणायला हमरस्त्यावर गेला. आज बॅटरी भरली असणार. आज ट्यूब लागणार. भिकूच्या नाकावर टिच्चून.

लांबवर जीपचा धुरळा दिसला. महिपतने नारळ सावरला. आणि तेवढ्यात मागून, वाडीच्या पाणंदीतून, घंटांचा आवाज आला.

चांद्या येत होता. उपटलेला खुंटा मागे उड्या मारत होता. पन्नास हात वायर धुरळ्यात साप झाली होती. पाठीवरची काळी काच काळी नव्हती. पिवळी होती. चालता चालता चांद्या मान वळवून, जीभ जमेल तेवढी लांब काढून पाठ चाटायला बघत होता, आणि ती पोचत नव्हती म्हणून स्वतःभोवती गोल फिरत होता, आणि पुन्हा धावत होता. त्याच्यामागे पदर खोचून सगुणा, तिच्या हातात कालथा. तिच्यामागे कमला, पातेलं घेऊन. सगळ्यांत मागे भिकू, एका पायात चप्पल.

"धरा वो त्याला! पोळी मोडंल!" सगुणा ओरडली.

"कुठली पोळी?"

"आंबापोळी!"

जीपने करकचून ब्रेक मारला. चांद्या जीपच्या नाकाशी थांबला, कारण साहेबाच्या हातात केळं होतं.

पाटणकर साहेब खाली उतरला. त्याने काचेला बोट लावलं, बोट तोंडात घातलं आणि डोळे मिटले.

"हे काचेवर कधीपासून?"

"तिसऱ्या दिवसापासनं," सगुणा धापा टाकत म्हणाली. "रस आंबला असता वो, तीन पाट्या एकदम पिकल्या. ताटात दोन दिवस लागतात. ह्या काचेवर खोबरेल लावून पसरला की दुपारला पोळी उचलते. तिरक्या काचेवर रस ओघळतो, म्हणून आडवी करायची. आज शेवटचा होता. चांद्याला वास लागला नि खुंटा उपटलान."

महिपतच्या हातातली जास्वंद गळून पडली. "अगो, काच झाकलीस? काचेवर ऊन पडायला नको?"

"तुमीच सांगितलंत ना, तापली की झालं? तव्यासारखी तापली होती!"

महिपतने साहेबाकडे पाहिलं. उत्तर साहेबाजवळ होतं, पण त्याच्या तोंडात आंबापोळी होती.

घरी येऊन त्याने बॅटरीला मीटर लावला. काटा हलला नाही. साहेबाने फॉर्म काढला. उजेडाच्या रकान्यात शून्य लिहिलं. "इतर उपयोग" या रकान्यात बराच वेळ लिहिलं.

"काकू, वाळवणासाठी आमच्याकडे वेगळी पेटी असते. वर काच, आत काळा पत्रा. तिला वायरही लागत नाही. तुमच्या दोघींच्या नावाने पाठवू?"

"मग आधी तीच का नाय आणलीत?" कमला म्हणाली. तिने घरून पत्र्याचा डबा आणला आणि तळाच्या तेलकट कागदावरचे मूठभर पापड काढून साहेबाला वाटेला दिले.

काच, बॅटरी, ट्यूब, सगळं जीपमध्ये चढलं. जीप गेली. महिपत आत आला आणि भर उजेडात, साडेचारला, एक एक करून स्विच दाबू लागला. खाली, वर. खाली, वर. पाचव्या स्विचाशी त्याच्या लक्षात आलं की दारात भिकू उभा राहून बघतो आहे.

भिकू हसत नव्हता.

महिपत बाहेर आला.

"भिकू," तो म्हणाला.

खळ्यातून चांद्याने सवयीने कान टवकारले. पण आज काम त्याच्याकडे नव्हतं.

"भिकू, पोलाची सही दे."

भिकूने त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू बैलच बोलला. "आता मागतोस? परत?"

"परतच मागतोय."

"आण कागद. माणूस एकदा सही करतो, दोनदा करतो. मी काय, म्हणशील तितक्यांदा करीन."

प्रयोगवहीचं कोरं पान फाडून महिपतनेच मजकूर लिहिला. भिकूने सही केली. पहिल्यांदा पेन उमटलं नाही, म्हणून दुसऱ्यांदा केली. महिपतला वाटलं, दोनदाचं म्हणाला ते यालाच.

"घे, दादा," भिकू म्हणाला.

पोल पावसाळा सरल्यावर उभा राहिला. करंट आला त्या संध्याकाळी कोणता स्विच खाली आणि कोणता वर, याचा हिशोब महिपतजवळही उरला नव्हता. पाचही दिवे एकदम लागले, पंखा सुटला, पंचांग उडालं, आणि दारावरची घंटा वाजायला लागली ती थांबेना. रोज दाबून दाबून तिचं बटण आत अडकलं होतं.

भिकू चाळीस पावलं धावत आला. "काय रे दादा? हाक मारलीस?"

महिपत शिडीवर होता, हातात पक्कड. "नाय रे. पण आलायस तर बस."

सगुणाने ताटात आंबापोळी ठेवली. तिच्यावर पांढरे बारीक केस होते. चांद्याचे. ते वेचत दोघे भाऊ उजेडात खात बसले. घंटा वाजतच होती.

१९८० च्या शिमग्याआधी भिकूने संमतीच्या कागदावर सही करून तो कमलाकडे दिला होता, महिपतला पोचवायला. त्या दिवशी कमला पापड तळत होती.