आत्याचं शून्य

"तू ग्रुपवर काय पाठवलंस रे?" ताईने विचारलं.

"तुझ्या वेबसाइटची लिंक. का?" धाकटा भाऊ चहात बिस्कीट बुडवत म्हणाला.

"मग वेबसाइट कुठाय? इथे सगळ्या नातेवाइकांची नावं दिसतायत. पुढे आकडे!"

बिस्कीट चहात बुडालं ते बुडालंच.

झालं होतं असं. विमा कंपनीतून बिनपगारी रजा घेऊन ताई घराच्या मागच्या खोलीत वेताच्या जुन्या खुर्च्या विणून देत होती. हात इतका सुबक, की तिने विणलेल्या खुर्चीवर बसायचा धीर होऊ नये. पण गिऱ्हाईक नव्हतं. सोमवारी रजा संपणार होती. तोवर काम आलं नाही तर वेत गुंडाळून ठेवायचा आणि पुन्हा त्या टेबलाशी जाऊन बसायचं, असं ठरलं होतं.

भाऊ जाहिरातवाल्या कंपनीत. त्याने वेबसाइट काढून दिली आणि प्रत्येक नातेवाइकाला एक वेगळी, छोटीशी लिंक दिली. सगळ्या लिंक जायच्या एकाच ठिकाणी, पण माणूस कोणाच्या लिंकवरून आला ते बरोबर मोजलं जायचं. घरच्यांचे मोबाइल मात्र मोजणीतून वगळलेले, नाहीतर आईच दिवसभर दाबत बसली असती. पोरगं हुशार, यात वाद नाही. फक्त हा हिशेब दोघा बहीणभावांनीच बघायचा होता. चुकून त्याचीच लिंक घरच्या ग्रुपवर गेली आणि तो आता अख्ख्या खानदानाने बघितला. मामी एकशे दहा, आत्या शून्य.

आत्याचा फोन आलाच.

"चारचौघांत माझ्यापुढे शून्य? आणि त्या मांजरवालीच्या पुढे शंभर?"

"आत्या, मामी सोशल मीडियावर आहे ना, म्हणून..."

"मी काय जंगलात आहे?"

"मी ते पान काढून टाकतो हं आत्या."

"खबरदार! शून्यावर काढलंस तर बघ!"

मामीलाही चेव चढला. तिने ताईच्या खुर्चीत स्वतःचं मांजर बसवून फोटो टाकला, खाली लिंक. दुसऱ्या दिवशी मामीचा आकडा हजारापार. भाऊ तर हरखलाच. ताईने लगोलग वेबसाइटवर आलेल्या चौकश्या उघडल्या. चौदा जणांनी मांजर गोड असल्याचं कळवलं होतं आणि एकाने ते विकायचं आहे का म्हणून विचारलं होतं. खुर्चीबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता.

इकडे आत्याने पदर खोचला. बाई गुडघेदुखीची, पण जिद्दीला तोड नाही! बँक, वाचनालय, दातांचा दवाखाना, काही सोडलं नाही. जाईल तिथे स्वतःचा मोबाइल समोरच्याच्या नाकाखाली धरायची. "बघा, भाचीच्या हातात जादू आहे!"

"अगं आत्या, तुझ्या मोबाइलवर दाखवून आकडा वाढणार नाही," भावाने फोनवर कपाळाला हात लावला. "त्यांच्या मोबाइलवर उघडायला सांग."

"परक्याच्या मोबाइलला हात लावू? काही रीतभात आहे की नाही?"

रविवार संपला. आत्या शून्यावर, गिऱ्हाईक शून्यावर. ताईने वेत गुंडाळला, सुरी पुसून ठेवली आणि मग मोरीत जाऊन नळ सोडून रडली.

सोमवारी ती ऑफिसात पोचली. तिच्या टेबलाशी बदलीवर आलेली मुलगी बसली होती. ताईला बघून ती उठलीही नाही, नुसती गोड हसली.

"या या!" साहेब केबिनमधून धावत आले. "टेम्पो आणलात का?"

"टेम्पो?"

"खुर्च्या न्यायला! शनिवारी तुमच्या आत्या आल्या होत्या. मोबाइलवर तुमचं काम दाखवलं. काय हात आहे हो तुमचा! आम्हाला पत्ताच नाही. बाहेरच्या सगळ्या खुर्च्या फाटल्यात, मीटिंगच्या खोलीतल्याही. आणि वरच्या मजल्यावरचे वकीलसाहेब खाली आले होते, ते म्हणाले, आमच्याही घ्या."

ताईने आपल्या टेबलाकडे बोट दाखवलं. "आणि माझी नोकरी?"

"मी विचारलं ना, सोमवारी येतील का कामावर. आत्या म्हणाल्या, 'छे हो, तिला वेळ कुठाय!' म्हणून या मुलीला कायम केलं. चुकलं का काही?"

"नाही," ताई म्हणाली. डोळे भरून आले होते, पुसायचंही तिला भान नव्हतं. "साहेब, एक मिनिट तुमचा मोबाइल द्याल?"

आत्याची लिंक इवलीशी, तोंडपाठ होती. ताईने ती साहेबांच्या मोबाइलवर टाकली आणि दाबली.

ती जिना उतरेपर्यंत फोन वाजला.

"एक झाला गं माझा!" आत्या आनंदाने ओरडत होती. "कोण असेल गं? ज्याने कोणी दाबलं, त्याचं देव भलं करो! आता मला सांग, तुझ्या त्या खुर्च्यांचं पुढे काय झालं?"