दोन घरच्या लाइनी

गोमाजीच्या मांडवात माइकवाल्या सेवकरामची इभ्रत पणाला लागली होती. गेल्याच महिन्यात पवनीच्या लग्नात ऐन मंगलाष्टकात त्याचा भोंगा मुका झाला आणि वरपक्ष रुसला. गोमाजी लाखनीहून बाबूलालचा सेट आणणार होता, पण सेवकरामनं हातापाया पडून त्याच्या पोरीच्या लग्नाचं काम मिळवलं. आता माइक पुन्हा बंद पडला तर धंदा गुंडाळावा लागणार होता.

म्हणून त्यानं डोकं चालवलं. मांडवासमोर देवाजी आणि वासुदेवराव या सख्ख्या भावांची घरं होती, मधे एकच भिंत. वाटणीपासून दहा वर्षं दोघांत अबोला होता. सेवकरामनं दोन्ही घरांतून एकेक लाइन ओढली.

"दोन कायले रे?" गोमाजीनं विचारलं.

"एक गेली तं दुसरी हाये नं, काका! माइक देवाजीभाऊच्या लाइनीवर, पंखे अन् लाइटच्या माळा वासुदेवभाऊच्या. कोनावरच लोड नाई."

तिसऱ्या मंगलाष्टकाला भोंगा, पंखे, माळा, सगळं एकदम गेलं. सेवकरामनं घाईघाईनं माइक दुसऱ्या लाइनीवर टाकला. तीही मेलेली! वरपक्षातला एक म्हातारा म्हणाला, "हाच नं तो पवनीवाला?"

सेवकराम देवाजीच्या घरात धावला. फ्यूज जळला होता. मग तो वासुदेवरावच्या घरात शिरला, तर तिथं मीटरच नव्हतं! धानाच्या कोठीमागे मधल्या भिंतीतल्या भोकातून देवाजीकडची एक तार आली होती, आणि कोठीसमोर वासुदेवरावची बायको कुंताबाई हात पसरून उभी होती.

"तिकडं नको पाहू, भाऊ!"

तोवर दोघं भाऊही येऊन पोचले.

"तू तं म्हनली होती का लाइट ऑफिसवाले जोडून गेले!" वासुदेवराव बायकोवर ओरडला.

"कोनं देल्ली ही लाइन?" देवाजीनं तार तोडायला सेवकरामची पक्कड उचलली.

"मीनं," मागून त्याचीच बायको रुखमिणी म्हणाली. "वाटनीत मीटर तुमच्याकडं आलं. याइचे लेकरं अंधारात बसत होते. काय करू?"

मांडवातून भटजींचा बसका आवाज येत होता. देवाजीनं तारेकडे पाहिलं, मग पक्कड सेवकरामच्या हातात दिली.

"फ्यूज बांध पयले. पोरगी उभी हाये तिकडं."

सेवकरामनं लोड कमी करायला माळा काढल्या, फ्यूज बांधला, आणि शेवटचं "सावधान" असं काही गरजलं की म्हाताऱ्यानं कान झाकले. गोमाजीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि सेवकरामच्याही.

ऊन कलल्यावर सेवकराम तारा गुंडाळत होता. देवाजी जवळ येऊन उभा राहिला.

"भाऊ, भिंतीतली तार काढू का?"

"हात नको लावू." देवाजी जरा घुटमळला. "फागुनात आमच्या घनश्यामचं लगन हाये. माइक तुझाच. पन दोन लाइनी पायजेत. एक माझी, एक वासुदेवच्या घरची."

दोन्ही एकच आहेत, हे सेवकरामच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्यानं गिळलं. "मी वासुदेवभाऊले इचारून घेतो."

"तू राहू दे," देवाजी चपला घालत म्हणाला. "मीच इचारतो."