द्राक्षांचे घड आणि कोपऱ्यातला काळोख

उजेड: होता तेवढा

फोटोवाल्याच्या बायकोने वर्षभर खपून क्रोशाचा पांढराशुभ्र टेबलक्लॉथ विणला. मधोमध जाळी, कडेने द्राक्षांचे घड. तो होता नणंदेच्या नव्या घरासाठी, आणि आज सकाळी नणंद तो घेऊन परगावी गेलीसुद्धा. मागे उरला फक्त कालचा फोटो. खिडकीजवळ टेबल, टेबलाशी बायको आणि आई, आणि टायमर लावून धावत आलेला फोटोवाला पार कोपऱ्यात, काळ्या कोटात.

"मोठा करून बैठकीत लावू," बायको म्हणाली. "येणाऱ्याजाणाऱ्याला माझी द्राक्षं दिसली पाहिजेत."

उजेड: जरासा वाढवून

"अरे, यात तू कुठे आहेस?" आईने चष्मा पुसला.

"हा काय, कोपऱ्यात."

"तो कोट आहे. आत माणूस आहे का?"

फोटोवाल्याचा जन्म पासपोर्ट फोटोत गेला होता. चेहरा उजळायचा, मागचं पांढरं पांढरंच राहतं, जुन्यावरच सेव्ह करायचं, पुढचं गिऱ्हाईक बोलवायचं. त्याने संगणकावर उजेडाची कळ सरकवली.

उजेड: आणखी

"कान दिसला," आई म्हणाली. "सरकव अजून."

नाक आलं. मग मिशी. फोटोवाला स्वतःवर खूश झाला आणि सवयीने मूळ फोटोवरच सेव्ह करून मोकळा झाला.

बायको चहा घेऊन आली. पडद्याकडे वाकली.

"अहो, माझी द्राक्षं?"

"आहेत की. पांढऱ्यावर पांढरी."

"मी वर्षभर चादर विणत होते का?"

उजेड: खाली आणून

त्याने कळ मागे ओढली. शुभ्र चादरीची मळकी चादर झाली. द्राक्षं काही परतली नाहीत. पांढऱ्यालाही छत असतं, त्यापलीकडे ते उजळत नाही. एकदा सगळे धागे त्या छताला जाऊन चिकटले की छत खाली आणलं तरी ते सपाटच खाली येतात. हे त्याने बायकोला समजावून सांगितलं.

"मग चिकटवले कोणी?" बायकोने विचारलं.

फोटोवाल्याने कॅमेरा उघडला.

उजेड: मुळातच कमी

कॅमेऱ्यात आणखी एक फोटो निघाला. उजेडाचा अंदाज घ्यायला आधी टायमरवरच काढलेला, अंधारा म्हणून त्याने उघडलाही नव्हता. त्यात द्राक्षाचा मणी न् मणी मोजून घ्यावा. बायको आणि आई सांजवेळेसारख्या सावळ्या. कोपऱ्यात मात्र काळोख. त्याने नुसत्या सावल्या उचलून पाहिल्या, तर त्याच्या तोंडावर रंगीत ठिपक्यांची वाळू पसरली. सगळंच उजळलं, की द्राक्षं पुन्हा छताकडे निघाली.

त्याने एकदा स्वतःच्या मिशीकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. मग कशालाही हात न लावता फोटो छापला.

उजेड: बैठकीतला

शेजारीण चहाला आली आणि फोटोसमोर थबकली. "हे हाताने विणलंय?"

"माझ्या सुनेने," आई ताठ बसली. "एकेक घड बघ. आणि तो कोपऱ्यातला काळोख आहे ना, तो माझा मुलगा. फोटो त्यानेच काढलाय."

"दिसत नाहीत ते."

"मुद्दामच," बायको म्हणाली, आणि पहिला कप कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेल्या नवऱ्याकडे गेला.