हेलियमची सायकल

"ऑक्सिजन नको, आगीशी खेळ. हायड्रोजन तर त्याचा बापच. कार्बन डाय-ऑक्साइड रबरातून निसटतो," असं पुटपुटत प्रयोगरावांनी तक्त्यातल्या एकेका वायूवर काट मारली. शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून वीस वर्षं परीक्षानळ्या धुतल्या, की माणसाला आपण वायूंच्या घरचेच आहोत असं वाटू लागतं.

"अहो, साधी हवा भरा ना," बायको भाजी चिरता चिरता म्हणाली.

"साध्या हवेनेच तर तुझा घात केला!"

ते मात्र खरं होतं. बायको इस्पितळात परिचारिका. सायकलचं चाक बसल्यामुळे ती दोनदा कामावर उशिरा पोचली होती. तिसऱ्यांदा उशीर झाला तर दूरच्या गावी बदली, असं मेट्रनबाईंनी बजावलं होतं. प्रयोगरावांना साधा चहा धड करता येत नव्हता.

शेवटी हेलियम ठरला. फुगेवाल्याकडून त्यांनी दोन्ही चाकं भरून आणली आणि "आता ही अडगळ कशाला?" म्हणत घरचा पंप शेजारच्या काकूंना देऊन टाकला. मग रोज संध्याकाळी अंगठ्याने चाक दाबून बघायचं. टणक! पाचव्या दिवशी तर त्यांनी शाळेच्या शिपायाला अडवून हेलियमवर व्याख्यानच झोडलं.

सहाव्या दिवशी बायको सव्वासहाला कामावर गेली आणि प्रयोगरावांनी ग्रंथालयातलं पुस्तक उघडलं. 'हेलियम रबरी ट्यूबमधून एका रात्रीतही निसटू शकतो.' त्यांनी चहाचा कप खाली आपटला. पाच दिवस टिकला ही देवाची कृपा, पण आज नक्की दगा देणार! बायको भर रस्त्यात सायकल ढकलतेय, मेट्रनबाई घड्याळ बघतायत आणि आपण एकटेच करपलेली भाजी खातोय, हे सगळं त्यांना लख्ख दिसलं.

ते बनियनवरच शेजारी धावले. "काकू, पंप द्या! रस्त्यात गाठतो तिला!"

"आत्ताच तर ठेवून गेली ती," काकू म्हणाल्या. "रोज पहाटे येते, दोन्ही चाकं भरते. दुसऱ्याच दिवशी चपटी झाली होती म्हणे."

"मग मला का नाही सांगितलं?"

"मीही तेच विचारलं. म्हणाली, 'इतके खूश आहेत हो, सांगवत नाही.'"

प्रयोगराव पायरीवर मटकन बसले. खरं तर लाज वाटायला हवी होती, पण जीव असा काही भांड्यात पडला की त्यांना हसूच फुटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे बायको बाहेर आली, तर प्रयोगराव घामाघूम होऊन पंप मारत होते.

"आज कुठला वायू?" तिने हसू दाबत विचारलं.

"अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजन. बाकी थोडी भेसळ."

"आणि टिकतो किती दिवस?"

त्यांनी अंगठ्याने चाक दाबून पाहिलं. "रोज भरला तर जन्मभर."