जलपरिषदेतली बाटली

विचारविनिमयाशिवाय समाज पुढे जात नाही, आणि परिषद भरल्याशिवाय विचारविनिमयाला कोणाला वेळ मिळत नाही. परिषदांचे प्रकार तीन. नाश्त्याला पोहे असले की राज्यस्तरीय, इडली-वडा असला की राष्ट्रीय, आणि काठमांडूचे एखादे प्राध्यापक पडद्यावर दिसले की आंतरराष्ट्रीय. (ऐकू येण्याची अट नाही.) हेतू मात्र तिन्हींचा एकच, प्रमाणपत्र.

वाघोलीच्या एका महाविद्यालयात नुकतीच झालेली जलपरिषद आंतरराष्ट्रीय होती. तिथे प्रा. ऋतुजा आपल्या गावच्या विहिरीवर निबंध वाचणार होत्या. निष्कर्ष साधा होता: पाणी पिण्याजोगं नाही, तरी गाव तेच पितं. पुरावा म्हणून सासरे दत्तोबा विहिरीच्या पाण्याची बाटली मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसले होते. घरी त्यांची दोन्ही नातवंडं आठवडाभर जुलाबानं आडवी होती.

उद्घाटन कुंडीतल्या रोपाला पाणी घालून व्हायचं होतं. रोप आलं, झारी आली, पाणी आणायचं राहिलं. (जलपरिषदेत एवढं चालायचंच.) संयोजक योगेश सरांनी तत्परतेनं दत्तोबांची बाटली उचलली.

"अवो सायेब, ते दाखवायला आणलंय. लई घाण हाय त्यात!"

"आजोबा, प्रश्नोत्तरं शेवटी आहेत. आपण बसून घ्या."

बाटली झारीत रिकामी झाली, झारी पाहुण्यांच्या हातात गेली आणि टाळ्या झाल्या.

मान्यवरांच्या सत्काराला एक तास चाळीस मिनिटं लागली. ऋतुजाताईंना चार मिळाली. "दोनशे सतरा घरं, नव्वद आजारी, त्यात साठ मुलं. आमच्या गावाचं नाव..." इथे घंटा वाजली. जेवण गार होईल म्हणून प्रश्नोत्तरं रद्द झाली.

समारोपात ग्रामीण पाण्याविषयी तीव्र चिंता व्यक्त झाली. पुढची चिंता गोव्यात व्यक्त करायचं ठरलं. दत्तोबांनाही प्रमाणपत्र मिळालं, 'सक्रिय सहभागाबद्दल'.

"पोरं आजबी तेच पाणी पित्यात, त्याचं काय?" त्यांनी विचारलं.

"ठरावात घेतलंय ना," योगेश सर म्हणाले.

दोनशे विद्वानांपैकी एकानंही त्या गावाचं नाव विचारलं नाही, याचा मला मनस्वी संताप आला. (मी विचारणार होतो, पण जिलबी संपत आली होती.) आपल्यालाही संताप आला असेलच. नाव मात्र इथवर वाचून आपणही विचारलेलं नाही.

हरकत नाही. प्रमाणपत्रासाठी आपलं नाव तेवढं स्वच्छ अक्षरात लिहून द्या.