आधी आरपीएम, मग थ्रॉटल

दिवा स्टेशनजवळच्या आमच्या बिल्डिंगमध्ये रोज दुपारी चार वाजता शेजारच्या भिंतीतून लढाऊ विमान उडतं.

उडवणारे गायकवाडकाका. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं डिझेल इंजिनं चालवून तपासली. कारखाना बंद पडला, काका घरी बसले. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली, तिचा कॉम्प्युटर मागे राहिला. त्यावर काकांना जुन्या महायुद्धातल्या विमानांचा गेम सापडला. काकूंचं शिलाईचं टेबल त्यांनी बळकावलं आणि त्यावर स्वतः घडवलेले दोन लोखंडी दांडे बसवले. एक थ्रॉटलचा, म्हणजे इंधनाचा; एक आरपीएमचा, म्हणजे फेऱ्यांचा.

"जोर वाढवताना आधी आरपीएम, मग थ्रॉटल. कमी करताना उलटं. एवढं कळलं की सगळं कळलं."

मला दोन वर्षांत काहीही कळलेलं नाही.

खरं तर काका लढतच नाहीत. शत्रू शेपटीला लागलेला असतो, ऑनलाइन गटातली पोरं बोंबलत असतात, "अंकल, फुल मारो ना!" काका आपले स्वतःशीच, "फुलवर पाच मिनिटं झाली. आता दम खाऊ दे इंजिनाला." पुढच्या मिनिटाला विमान समुद्रात.

"पडलं ना काका?" मी विचारतो.

"पडलं. पण तापलं नव्हतं."

शेवटी पोरांनी त्यांना गटातून काढलं. तेव्हापासून ते एकटेच उडतात आणि एकटेच पडतात.

आवाजाचं तर विचारूच नका. स्पीकर असे, की मांडवात शोभावेत. मी घरून काम करतो. एकदा मीटिंगमध्ये साहेबांनी घाबरून विचारलं, "आपके यहाँ सब ठीक है ना?" सोसायटीने नोटिसा दिल्या. काकूंनी हात टेकले. "तूच सांगून बघ रे. माझं मुद्दाम ऐकत नाहीत."

गेल्या महिन्यात एक दिवस सव्वाचार झाले तरी भिंत गप्प. मी खुशीत मीटिंग उरकली. मग मात्र राहवेना. काकू खाली टँकरच्या रांगेत होत्या, दार नुसतंच लोटलेलं होतं.

विमान उडत होतं. काका दांड्यांवर हात ठेवून, मान तिरकी करून बसले होते. स्पीकरची वायर निघून खाली लोंबत होती.

मी हाक मारली. परत मारली. खांद्याला हात लावला तेव्हा दचकले.

"अरे, ये. आज काय मस्त लागलंय बघ इंजिन!"

माझी नजर वायरीवर गेली. त्यांचीही गेली. पडद्यावरचं विमान हळूहळू एका बाजूला कलत गेलं.

"कधीपासून, काका?"

"डावा कान कारखान्यातच गेला. उजवा आता जातोय. समोर उभं राहिलं की कळतं, तोंड दिसतं ना." मग म्हणाले, "काकूला सांगू नको. तिला वाटतं मी मुद्दाम ऐकत नाही. तसंच वाटू दे. निदान भांडते तरी. नाहीतर रडेल."

मी वायर लावली. खिडकीच्या काचा थरथरल्या. काकांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"कसा येतोय?"

"थोडा घोगरा."

त्यांनी एक दांडा बोटभर मागे घेतला. "आता?"

"आता बरा आहे."

इतक्यात काकू हंडा घेऊन दारात आल्या. "अहो, बारीक करा तो आवाज! किती वेळा सांगायचं?"

काका पडद्याकडे बघत राहिले.

"काकू," मी म्हटलं, "मीच मोठा केलाय."