कोइशीबायचं लोखंडी दार आणि खिडकीवाली विहीण

साहेब, कोइशीबायचा फोन नंबर तुम्हीच विकलात! नाही म्हणू नका. पेन्शन चालू करायला तो तुमच्या कचेरीत आला होता आणि त्यानं तो नंबर फक्त तुमच्या टेबलापुढं उभं राहून सांगितला होता. दुसऱ्या कुणाला त्यानं तो दिलाच नव्हता. सख्ख्या मेव्हण्यालासुद्धा नाही, कारण मेव्हणा फोनवर तासभर स्वतःची गुडघेदुखी सांगतो. तुम्हाला नंबर दिला आणि दुसऱ्याच दिवशी फोन वाजला!

"काका, सलाम! पोरंबाळं खुशाल? गुरंढोरं खुशाल?"

आवाज बाईचा, मधात बुडवून काढलेला. आता करागांदा शहरात चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाकडं कसली आलीत गुरंढोरं! पण विचारपूस रीतीची होती, म्हणून कोइशीबायनं रीतीनं उत्तर दिलं. "खुशाल, खुशाल. आपण कोण?"

"काका, तुमच्या खिडक्या लाकडी आहेत."

"मग?"

"स्तेपच्या उघड्या माळावरचा वारा थेट हाडात शिरत असेल. प्लास्टिकच्या दुहेरी काचेच्या खिडक्या बसवा. माप फुकट!"

तेव्हापासून तो फोन थांबला नाही. दाढीला साबण लावला की फोन. नमाजाला बसला की फोन. एकदा तर शेजारच्या मयतीला खांदा देताना खिशात वाजला, आणि पुढच्या खांदेकऱ्याला वाटलं, मयतच उठून बसली!

आता हे खरं, की कोइशीबाय हा काही लेचापेचा माणूस नव्हता. उभा जन्म त्यानं कोळशाच्या खाणीत माणसं उतरवायच्या पाळण्यावर काढलेला. त्यानं हात वर केला की पाळणा जागच्या जागी थांबायचा. आत मोठा इंजिनिअर असला तरी थांबायचा. "मी हो म्हटल्याशिवाय खाणीत उंदीर उतरला नाही," तो म्हणायचा. "हे खिडकीवाले कोण लागून गेले!"

"हो, हो," त्याची बायको राउशान म्हणायची. "म्हणूनच घरात तो झाडायचा हत्ती आलाय वाटतं?"

हत्ती म्हणजे धूळ ओढणारं यंत्र. लांब सोंडेचं, आणि चालू केलं की विमान उतरल्यासारखा आवाज करणारं. ते असंच दारावर आलेल्या एका पोरानं गळ्यात मारलं होतं. पण त्यात चूक राउशानचीच होती! दारात कुणीही आलं तरी ही बाई नान घेऊन धावायची. "उंबऱ्यातून तसंच जायचं नाही, निदान तुकडा तोंडाला लावा." तुकड्याबरोबर चहा आला, चहाबरोबर लोणी आलं, आणि कझाख माणूस पाहुण्याचं खाणं होईपर्यंत त्याला कामाचं विचारत नाही. मग ज्यानं तुमची भाकर खाल्ली त्याला "नको, चालता हो" कसं म्हणणार? विकणारे सगळे हे जाणून असतात. उपाशीच येतात मेले!

लोखंडी दारही तसंच आलं. दार भक्कम, वाद नाही. फक्त बसवणाऱ्यानं त्यातली बघायची दुर्बीण उलटी बसवली. आतून बघितलं तर नुसतं धुकं, आणि बाहेरून बघणाऱ्याला अख्खं घर दिसायचं. दुरुस्तीला कुणी फिरकलं नाही. पैसे घेतल्यावर कशाला फिरकतील!

अशात गाउहारचं जमलं. गाउहार ही कोइशीबायची एकुलती लेक, बालवाडीतली बाई. बाल्काश गावच्या दुलात नावाच्या मुलावर तिचा जीव जडला होता. मुलगा सोन्यासारखा, पण त्याचा बाप दौलतखान म्हणजे जुन्या चालीचा, नाकावर माशी बसू न देणारा. गाउहारनं आधीच बजावलं होतं, "बाबा, त्यांचा मान राखला नाहीत तर ते उठून जातील. एकदा उठले की परत येत नाहीत. माझं लग्न तुमच्या हातात आहे."

मुलाकडची मंडळी रविवारी एक वाजता येणार, गाउहारच्या कानात डूल घालून सोयरीक पक्की करणार असं ठरलं. मुलगा स्वतः येत नाही, तशी रीत नाही. आणि मंडळींना कोइशीबायच्या घरात कुणीच पाहिलं नव्हतं.

शनिवारी फोन वाजला. "काका, सलाम! गुरंढोरं खुशाल? उद्या अकरा वाजता आम्ही माप घ्यायला येतो."

कोइशीबायच्या डोक्यात खाणीतला वायू पेटावा तसा भडका उडाला. "या! अकरालाच या! बघतोच तुम्हाला!"

"बघा, काका किती प्रेमानं बोलावतात," पलीकडून आवाज आला आणि फोन ठेवला गेला.

रविवारी सकाळी घरात अख्खं मेंढरू शिजत होतं. राउशान कणीक लाटत होती, गाउहार आतल्या खोलीत नवा झगा इस्त्री करत होती. तिनं कानातले जुने डूल काढून ठेवले होते. कोइशीबाय मात्र बनियन घालून लोखंडी दाराआड हत्ती घेऊन दबा धरून बसला होता.

"अहो, कपडे करा!"

"आधी शिकार, मग कपडे!"

बरोबर अकराला घंटी वाजली. दुर्बिणीत धुकं. बाहेर कुणीतरी खाकरलं. कोइशीबायनं खाणीत ऐकू जाईल अशा आवाजात सुरुवात केली. "आम्हाला काही नको! आमच्याकडं सगळं आहे! तुमच्यासारखे फुकटे लय बघितलेत! फुकटचा चहा ढोसायला रविवारच सापडला?"

बाहेरून कुणीतरी काहीतरी बोलायला लागलं. बोलू दिलं तर तो कोइशीबाय कसला! त्यानं हत्ती चालू केला. घर दणाणलं. सोंड दाराला लावून, डोक्यावर नाचवून, पुन्हा दाराला लावून त्यानं असा काही गोंधळ मांडला की खालच्या मजल्यावरच्यांनी छताला काठी ठोकली. यंत्र बंद केलं तेव्हा जिन्यावरून उतरणारी पावलं ऐकू येत होती.

"कोण होतं हो?" राउशाननं विचारलं.

"खिडकीवाले! पळवले! नानचा कणही मिळाला नाही!"

एक वाजता पुन्हा घंटी वाजली. आता कोइशीबाय कोट घालून, पदकं लावून उभा. दार उघडलं. दारात एक भारदस्त बाई, डोक्यावर कोल्ह्याच्या कातड्याची टोपी, हातात मिठाईचा खोका. तिच्यामागं पांढऱ्या झुपकेदार मिशांचा म्हातारा, बगलेत चामडी पेटी.

"उशीर झाला, माफ करा," बाई म्हणाली. "गाडी बर्फात रुतली होती."

"उशीर कसला! घर तुमचंच आहे!"

दोघंच आलेली बघून राउशानला जरा नवल वाटलं. पण विचारणार कसं? पाहुणे अजून जेवले नव्हते! म्हाताऱ्याला दारासमोरच्या मानाच्या जागी बसवलं, पाठीला दोन उशा दिल्या. बाईला त्याच्या शेजारी. तळलेले कणकेचे गोळे, म्हणजे बोरसोक आले, घोड्याचं सॉसेज आलं, मटण आणि कणकेच्या चकत्यांच्या बेशबर्माकचं परातीएवढं ताट आलं. म्हाताऱ्यापुढं सगळ्यात मोठ्या पाहुण्याचा मान म्हणून मेंढराचं मुंडकं ठेवलं तेव्हा त्याच्या मिशा थरथरल्या.

"बाई," तो हळूच कुजबुजला, "मापाला आल्यावर मुंडकं मला आजवर कुणी दिलं नाही."

"खा, सादिक," बाई ओठ न हलवता म्हणाली. "गिऱ्हाईक खूश आहे. नाही म्हणू नकोस."

ही कुजबुज कोइशीबायला ऐकू गेली नाही. खाणीतल्या माणसाचे कान ते!

मग राउशान कलेजी आणि शेपटाची चरबी घेऊन आली. आता हे जेवण नव्हे, ही शपथ असते. दोन्हीकडच्यांनी एकमेकांना हातानं भरवली की सोयरीक झाली. मग जावई बदलेल, व्याही बदलत नाही. जावई शंभर वर्षांचा, व्याही हजार वर्षांचा, असं आपण उगाच म्हणत नाही! राउशाननं मूठभर चरबी बाईच्या तोंडात कोंबली, गालाला रीतीप्रमाणं दही फासलं आणि तिला कवटाळलं. "विहीणबाई!"

बाईच्या तोंडात चरबी होती म्हणून तिला बोलता आलं नाही. नाहीतर तिथंच सगळं थांबलं असतं. कोइशीबायनं सादिकला भरवलं, सादिकनं कोइशीबायला. कलेजी संपली.

"गाउहार, ये बाळा!" कोइशीबाय गहिवरून म्हणाला. "विहीणबाई, आता तुमच्या हातानं होऊ द्या."

गाउहार खाली मान घालून बाहेर आली, बाईसमोर बसली, केस मागं सारले. दोन्ही कान मोकळे. बाईनं तोंड पुसलं, चामडी पेटी ओढली, कड्या उघडल्या. गाउहारनं कान पुढं केले. आणि तिनं पेटीतून काढलं काय? प्लास्टिकच्या खिडकीचा कापलेला कोपरा!

"बघ बेटा," ती मधाळ आवाजात म्हणाली, "आत तीन पोकळ्या आहेत. वारा आत येतच नाही!"

गाउहारनं मान वर केली. "बाबा, हे कोण आहेत?"

कोइशीबायनं तो आवाज ओळखला. गुरंढोरं खुशाल विचारणारा आवाज! तेवढ्यात गाउहारचा फोन वाजला. दुलात होता. तो इतक्या मोठ्यानं बोलत होता की सगळ्यांना ऐकू आलं. "गाउहार, रस्ता मोकळा मिळाला म्हणून माझी माणसं अकरालाच पोचली! तुझ्या बाबांनी त्यांना दारातून हाकललं! फुकटे म्हणाले! वडिलांनी दुर्बिणीतून बघितलं, तुझे बाबा बनियन घालून कसलीशी सोंड घेऊन नाचत होते! ते परत निघालेत. म्हणतायत, वेड्याच्या घरी सोयरीक नको!"

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती अशी! आणि इथं तर चोराला मेंढराचं मुंडकंही वाढलेलं!

गाउहार रडली नाही. तेच वाईट होतं. तिनं फक्त जुने डूल उचलले आणि पुन्हा कानात घालायला लागली.

"तुमच्यामुळं!" कोइशीबाय बाईवर गरजला. "तुम्ही माझ्या पोरीचं घर मोडलंत! बोलला का नाहीत?"

"काका, तुम्ही विचारलंत कुठं? आणि मी बोलणार कशी, तोंडात चरबी होती!"

"चालत्या व्हा!"

"नाही," बाई म्हणाली. तिनं टोपी काढून मांडीवर ठेवली. "माझं नाव बिबिगुल. मी कुणाच्या घरातून काम झाल्याशिवाय उठत नाही, हे सगळ्या करागांदाला ठाऊक आहे. तुमची कलेजी मी खाल्लीय. मी आता तुमची नातेवाईक आहे. व्याह्यांचा नंबर द्या."

"ते तुमच्याशी कशाला बोलतील?"

"काका, माझ्याशी कुणालाच बोलायचं नसतं. तरी सगळे बोलतात. द्या नंबर!"

कोइशीबायनं नंबर दिला. बुडत्याला काडीचा आधार!

"काका, सलाम! पोरंबाळं, गुरंढोरं खुशाल?" दौलतखाननं फोन आपटला. बिबिगुलनं पुन्हा लावला. त्यानं पुन्हा आपटला. तिनं सादिकच्या फोनवरून लावला, मग राउशानच्या, मग गाउहारच्या. कंपनीनं दिलेले आणखी दोन तिच्या टोपीतच होते! शेवटी पलीकडून ओरडा आला, "काय पाहिजे बाई तुला?"

"फक्त एक मिनिट, काका. तुमचं घराणं कुठलं?"

अहो, हा प्रश्न विचारल्यावर कझाख माणूस मरणशय्येवरून उठून उत्तर देतो! दौलतखाननं घराणं सांगितलं, मग बाप, आजोबा, पणजोबा अशी पूर्वजांची नावं धडाधड म्हटली. बिबिगुलनं फोनवर हात ठेवला. "सादिक, तुझे पूर्वज म्हण!"

सादिकनं हाडातला मगज चोखत म्हटले. एकही जुळेना.

"आणखी मागं जा!"

"बाई, सात पिढ्या झाल्या. एवढेच पाठ असतात."

"मुंडकं खाल्लंस ना? मग जा मागं!"

सादिक घामाघूम होऊन पिढ्यान्‌पिढ्या मागं गेला आणि शेवटी एका कुठल्याशा घोडेचोराशी येऊन थांबला. बिबिगुलनं फोनवरचा हात काढला आणि ते नाव पलीकडं ऐकवलं. "हा! हा आमचाच!" फोनमधून दौलतखान ओरडला.

"बघा!" बिबिगुलनं झडप घातली. "म्हणजे तुमच्याच भावकीतल्या माणसानं इथं कलेजी खाल्ली. मुलाच्या बाजूनं मान घेतला गेलाय, सोयरीक झालीसुद्धा! काका, आता फिरलात तर मोडणारे तुम्ही ठरता. शिवाय मुलीचा बाप वेडा नाही. तो कान फुटेस्तोवर दार राखतो, अशाच घरची मुलगी घर राखते! गाडी वळवा. ताट गरम आहे."

फोनमधून गाडीचा ब्रेक कचकन लागल्याचं ऐकू आलं. मग दौलतखाननं विचारलं, "मुंडक्याचं काही उरलंय का?"

"एक कान आहे," सादिक म्हणाला.

संध्याकाळच्या आत गाउहारच्या कानात नवे डूल होते. दौलतखान आला, रुसून बसला, उरलेला कान खाल्ला आणि हसला. लग्नही थाटात झालं. बिबिगुल विहिणींच्या पंगतीत बसली. आणि नात्यातल्या बाईला नको म्हणायची सोय नसते, तेव्हा कोइशीबायच्या घरी प्लास्टिकच्या खिडक्या बसल्या. सगळ्या!

वारा आत येत नाही, हे कबूल. पण परवा सकाळी कोइशीबाय त्या खिडकीशी चहा पीत बसला असताना फोन वाजला. दौलतखान होता. सलाम नाही, काही नाही.

"व्याही, लग्न झाल्यापासून मला रोज फोन येतोय! आज खिडक्या, उद्या बाल्कनी, परवा बॉयलर! दाढी करू देत नाहीत! काल एक पोरगी म्हणाली, तुमच्या व्याह्यांनीच तुमचं नाव सांगितलं. मी म्हटलं, माझा व्याही असा नीच माणूस नाही, हे तुम्ही नेहमी सांगता त्या पेन्शनवाल्या साहेबाचं काम! व्याही? ऐकताय ना?"

कोइशीबायनं हळूच पाय लांब केला आणि हत्तीचं बटण दाबलं.

"यंत्र बंद करा, व्याही!" फोनमधून आरोळी आली. "ते मी ओळखतो! बंद करा आणि सांगा, माझा नंबर त्यांना कुणी दिला? उत्तर द्या!"